पाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवणाऱ्या उपक्रमांशी बाहेरच्या संशोधकांनी सहकार्य कसे करावे?

जलवेधी (धागाकर्ता)

नद्या, तलाव आणि भूजल यांच्या गुणवत्तेच्या नोंदी वर्षानुवर्षे सांभाळणारे उपक्रम जगात सर्वत्र आहेत. त्यांपैकी काही सरकारी आहेत, काही विद्यापीठांकडे आहेत, तर काही निव्वळ स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. आमचा संशोधनगट अशा कोणत्याही उपक्रमाचा भाग नाही. आम्ही नदीच्या पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिकचा अभ्यास करतो आणि आमच्या प्रश्नाला उपयोगी पडेल असा एक उपक्रम समोर आहे. त्याची नमुनास्थाने ठरलेली आहेत, दर महिन्याची फेरी ठरलेली आहे आणि प्रवाहाच्या मापनाच्या नोंदीही त्याच्याकडे आहेत. आमच्याकडे उपकरणे आहेत, विश्लेषणाचे ज्ञान आहे आणि मर्यादित काळापुरते अनुदान आहे.

वरवर पाहता जोडी जमण्यासारखी आहे. परंतु अशा सहकार्याचे प्रयत्न पत्रव्यवहारातच विरून गेल्याचे पुष्कळदा कानावर येते. पहिल्या पत्रात काय असावे, ठरलेल्या फेरीत आमच्यासाठी एक बाटली जास्त भरून घ्या असे सुचवणे कितपत योग्य आहे, डेटावर हक्क कोणाचा राहतो आणि निष्कर्ष उपक्रमाला अडचणीचे ठरले तर काय करायचे, या प्रश्नांवर दोन्ही बाजूंचा अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रवाहमापक

मी उपक्रमाच्या बाजूने लिहितो आहे, म्हणून आधी त्या एका बाटलीबद्दलच बोलतो. फेरी तर होणारच आहे, मग एक बाटली जास्त भरायला काय हरकत आहे, असे बाहेरून येणाऱ्या बहुतेक प्रस्तावांत गृहीत धरलेले असते. अडचण बाटलीची नसते, घड्याळाची असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे नियम प्रमाण मानणाऱ्या उपक्रमांत ई. कोलाय या मलप्रदूषण दाखवणाऱ्या जंतूचा नमुना घेतल्यापासून ८ तासांच्या आत तपासणीला लावावा लागतो, ऑर्थोफॉस्फेटचा (फॉस्फरसच्या विरघळलेल्या रूपाचा) नमुना १५ मिनिटांत गाळून घ्यावा लागतो आणि आम्ल न घातलेल्या नायट्रेटच्या नमुन्याला थंड ठेवूनही ४८ तासांचीच मुदत असते. सामू (पीएच) तर जागेवरच मोजायचा असतो. प्रत्येक स्थानी तुमच्यासाठी १० मिनिटे वाढली आणि स्थाने १२ असली, तर फेरी २ तासांनी लांबते, आणि शेवटच्या स्थानांवरचे नाही तरी पहिल्या स्थानावरचे जंतूंचे नमुने मुदतीबाहेर जाण्याची शक्यता निर्माण होते.

पुलावर प्रत्यक्षात काय चालते तेही सांगतो, म्हणजे अडचण नेमकी कळेल. पुलाच्या वरच्या अंगाला, मुख्य धारेत बादली सोडली जाते आणि ती त्याच पाण्याने तीनदा विसळली जाते. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नसते. ती वेगळ्या धारकात बसवून थेट प्रवाहात बुडवतात आणि नंतर हलवून मिसळता यावे म्हणून तिच्यात वर थोडी जागा सोडतात. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली याच्या उलट काठोकाठ भरायची आणि एकही बुडबुडा आत राहू न देता बुच लावायचे. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल पडते. त्या आम्लाचा अंश हातमोज्यावरून नायट्रेटच्या बाटलीत गेला, तर त्या महिन्याचा नायट्रेटचा आकडा निरर्थक होतो. म्हणून बाटल्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि हा क्रम न विचारता बदलणारा पाहुणा कोणत्याही फेरीप्रमुखाला नकोसा वाटतो.

तुमच्या विषयात तर आणखी एक पेच आहे. आमची बादली प्लास्टिकची, दोर नायलॉनचा, आणि थंडीत अंगावर असणारे लोकरीसारखे जाकीट पॉलिएस्टरचे. यांतून सुटणारे तंतू तुमच्या नमुन्यात मोजले जातील. शिवाय सूक्ष्म प्लास्टिकच्या कणांची संख्या विरळ असते, म्हणून पुष्कळसे पाणी जाळीतून गाळावे लागते. एक लिटरच्या बाटलीतून जो आकडा येईल, तो तुम्हालाही समाधान देणार नाही. याचा अर्थ सहकार्य अशक्य आहे असा नाही. आमच्याच माणसांनी आमच्याच साधनांनी तुमचा नमुना घ्यावा, ही एकच कल्पना बहुधा चुकीची ठरेल.

उपक्रमाची खरी मालमत्ता म्हणजे सलग मालिका : त्याच जागा, तीच पद्धत, तीच वारंवारता. ती मालिका तुमच्यामुळे तुटली किंवा तिला वळण लागले, तर तुमच्या शोधनिबंधाने ते नुकसान भरून येत नाही. प्रस्ताव वाचताना आमच्यासारख्यांचे डोळे आधी याच गोष्टीचा ठाव घेतात, मग विज्ञानाकडे वळतात.

तळटीप

प्रवाहमापक यांच्याशी सहमत आहे, पण मी याच्याही एक पायरी मागे जाईन. नवे पाणी मागण्यापूर्वी जुने आकडे वाचा. बहुतेक उपक्रमांचा डेटा कुठे ना कुठे उपलब्ध असतो. देशोदेशींच्या नोंदींचा साठा हवा असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा जेम्स/वॉटर हा उपक्रम १९७८ पासून चालू आहे आणि त्याच्या जेमस्टॅट या संग्रहात अनेक देशांनी दिलेली मोजमापे आहेत. हा डेटा उतरवून घेऊन आलेख काढणे सोपे आहे. तो समजून घेणे हे वेगळे काम आहे, आणि उपक्रमाला तुमचा विश्वास वाटू लागतो तो याच कामातून.

एक उदाहरण देतो. कल्पना करा की फेरी नेहमी सकाळी वरच्या स्थानापासून सुरू होते आणि दुपारी खालच्या स्थानी संपते. उन्हात शैवाल आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री सर्व सजीव तो वापरत राहतात, म्हणून विरघळलेला ऑक्सिजन पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असतो आणि दुपारनंतर सर्वांत जास्त. अशा डेटात नदी खाली जाता जाता सुधारते आहे असे दिसेल, आणि ती सुधारणा निव्वळ घड्याळाची असेल. २० अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर गोड्या पाण्याची ऑक्सिजनची संपृक्तता, म्हणजे हवेतून पाण्यात मुरू शकणारी ऑक्सिजनची मात्रा, लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम असते. दुपारच्या नोंदी याच्याही वर दिसल्या, तर तो प्रदूषण कमी झाल्याचा पुरावा नसून बहुधा शैवाल वाढल्याची खूण असते. नमुन्याची वेळ नोंदवलेला स्तंभ न पाहता कोणी या आकड्यांवर निष्कर्ष काढला, तर उपक्रमातील माणसे तो निबंध वाचून पुढच्या पत्राला उत्तरच देत नाहीत.

असेच आणखी काही सापळे आहेत. नायट्रेट दोन रीतींनी लिहिले जाते : नायट्रोजन म्हणून किंवा पूर्ण नायट्रेट म्हणून, आणि या दोन आकड्यांत सुमारे ४.४३ पटींचा फरक असतो. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे ५० मिलिग्रॅम आणि अमेरिकेचे १० मिलिग्रॅम हे आकडे शेजारी ठेवले की मोठी तफावत वाटते. प्रत्यक्षात पहिला नायट्रेट म्हणून आहे आणि दुसरा नायट्रोजन म्हणून, त्यामुळे दोन्ही मर्यादा जवळजवळ सारख्याच आहेत. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जंतू वापरतात तो ऑक्सिजन, बहुतेक ठिकाणी २० अंशांवर ५ दिवस ठेवून मोजतात, तर भारतात २७ अंशांवर ३ दिवसांची रीत आहे. हे आकडे सरळ एकत्र करून चालत नाही.

सर्वांत फसवा सापळा शोधमर्यादेचा आहे. जुन्या उपकरणाला ठरावीक पातळीखालचे काही दिसत नव्हते, म्हणून नोंद ‘यापेक्षा कमी’ अशी झाली. नंतर चांगले उपकरण आले आणि ती मर्यादा खाली सरकली. पुष्कळ विद्यार्थी अशा नोंदींच्या जागी मर्यादेचा निम्मा आकडा भरतात, आणि मग ज्या वर्षी यंत्र बदलले त्या वर्षापासून नदी स्वच्छ होत गेल्याचा देखावा तयार होतो. अशा अपुऱ्या नोंदींसाठी स्वतंत्र सांख्यिकी पद्धती आहेत. मासिक डेटातील कल तपासण्यासाठी १९८२ मध्ये मांडलेली हंगामी केंडॉल चाचणी आजही वापरात आहे. पण पद्धत केव्हा बदलली हे ठाऊक नसेल, तर कोणतीही चाचणी वाचवू शकत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, पहिल्या पत्रासोबत या वाचनातून निघालेल्या शंकांचे एक पान जोडावे : अमुक स्थानी अमुक वर्षापासून विद्युतवाहकता एकदम वर गेलेली दिसते, ती उपकरण बदलल्यामुळे की स्थान हलवल्यामुळे? हा प्रश्न विचारणारा माणूस आपला डेटा खरोखर वाचतो, हे उपक्रमाला लगेच कळते. आणि चुका सापडल्या तर त्या उपक्रमाला कळवाव्यात; स्वतःची ‘स्वच्छ केलेली’ प्रत वेगळी प्रसिद्ध करून जगात एकाच नदीचे दोन डेटासंच फिरू देऊ नयेत.

जलवेधी

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. वेळेच्या स्तंभाचा मुद्दा आमच्या चर्चेत आलाच नव्हता. पुढचा प्रश्न : समजा उपक्रम तयार झाला. सामंजस्य करार किती तपशीलवार असावा? आमच्या विद्यापीठाचा छापील नमुना आहे, परंतु त्यात बौद्धिक संपदेवर पाने आहेत आणि नदीबद्दल ओळही नाही.

करारपत्र

छापील नमुना राहू द्या, त्याला दोन-तीन पानांचे परिशिष्ट जोडा आणि खरे काम त्या परिशिष्टात करा. त्यात डेटा कोणत्या टप्प्यावर मिळणार हे लिहा : प्रयोगशाळेतून आलेला कच्चा आकडा, तपासणी झालेला आकडा आणि अंतिम आकडा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कच्च्या आकड्यांवर लिहिलेला निबंध पुढे उपक्रमाच्या अंतिम आकड्यांशी जुळला नाही, तर दोघांचीही पत जाते. लेखकांत कोणाची नावे येणार, हे सुरुवातीलाच ठरवा. ज्या माणसाने पद्धत बसवली, स्थाने निवडली आणि डेटाचा अर्थ लावण्यात भाग घेतला, तो आभारप्रदर्शनात मावत नाही.

सर्वांत महत्त्वाचे कलम आरोग्याला धोका आढळल्यास काय करायचे याचे आहे, आणि ते बहुतेक करारांत नसते. निबंध प्रसिद्ध व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. एखाद्या विहिरीत आर्सेनिक निघाले, तर तिचे पाणी पिणाऱ्याने तोपर्यंत थांबायचे काय? कोणी, कोणाला, किती तासांत कळवायचे आणि त्याआधी पुनर्तपासणी करायची की नाही, हे नमुना घेण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे.

याच्या जोडीने, आपण काय तपासले नाही हेही अहवालात स्पष्ट लिहिले पाहिजे. १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बांगलादेशाच्या मध्य आणि ईशान्य भागातील भूजलाची तपासणी केली. पुष्कळ घटक मोजले गेले, आर्सेनिक त्यांत नव्हते. पुढे त्याच देशात भूजलातील आर्सेनिकचे प्रचंड संकट उघड झाले, आणि त्या अहवालामुळे पाणी सुरक्षित असल्याचा समज झाला असे म्हणत इंग्लंडच्या न्यायालयात दावा दाखल झाला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो फेटाळला. संशोधकांवर त्या रहिवाशांप्रती तशी कायदेशीर जबाबदारी येत नाही, असे ठरले. कायद्याचा निकाल काहीही असो, बाहेरून आलेल्या संशोधकाच्या मौनाचा लोक काय अर्थ लावतात, हे या प्रकरणातून दिसते. बाहेरच्या तज्ज्ञाने पाणी पाहिले आणि काही बोलला नाही, म्हणजे पाणी चांगले आहे, असेच लोक धरून चालतात.

प्रसिद्धीपूर्वी मजकूर उपक्रमाला दाखवण्याचे कलमही घाला. त्यांना मुदतीत हरकती नोंदवता याव्यात.

निळी_रेघ

या शेवटच्या कलमावर माझा आक्षेप आहे. मजकूर दाखवणे आणि परवानगी मागणे यांतली सीमा कागदावर स्पष्ट दिसते, प्रत्यक्षात ती पुसली जाते. ज्या संस्थेने नदीची स्थिती समाधानकारक असल्याचे जाहीर केले आहे, तिला गैरसोयीचे आकडे दिसले की ‘थोडे थांबा’ सुरू होते आणि विद्यार्थ्याची मुदत संपून जाते. बाहेरच्या संशोधकाचे मोल त्याच्या बाहेरचेपणातच असते. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलल्यानंतर नळाच्या पाण्यातील शिशाचा प्रश्न पुढे आला, तो रहिवाशांनी स्वतः नमुने घेऊन बाहेरच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे पाठवल्यामुळे. अधिकृत यंत्रणा तोपर्यंत सर्व ठीक असल्याचेच सांगत होती. तिथे आधी मजकूर दाखवून मंजुरी घ्यायची असती तर काय झाले असते, याचा विचार करावा.

करारपत्र

आक्षेप रास्त आहे, म्हणूनच शब्द नेमके हवेत. हरकत नोंदवण्याचा अधिकार द्यावा, रोखण्याचा देऊ नये, आणि मुदत ठरलेली असावी; ३० दिवसांत उत्तर आले नाही तर संशोधक पुढे जाण्यास मोकळा, असे लिहिले की ‘थोडे थांबा’ला जागा राहत नाही. उपक्रमाचे मत वेगळे असेल, तर ते निबंधात किंवा परिशिष्टात त्यांच्या शब्दांत छापण्याची तयारी ठेवावी. जिथे हेही मान्य होत नाही, तिथे सहकार्य न करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे; सार्वजनिक डेटा आणि स्वतःचे नमुने यांवर स्वतंत्रपणे काम करावे.

फ्लिंटसारख्या प्रकरणांत मुळात उपक्रमाशी सहकार्य नव्हतेच. ते रहिवाशांशी होते. कोणाशी हातमिळवणी करतो आहोत, हे ठरवणे हा सुद्धा निर्णय आहे, तो आपोआप घडू देऊ नये.

लिटमस

प्रयोगशाळेच्या टेबलावरून लिहितो. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यापूर्वी त्या दोघी एकाच पाण्याबद्दल एकच बोलतात का, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी एकच मोठा नमुना नीट ढवळून दोन भागांत वाटायचा आणि दोन्हीकडे पाठवायचा. दोन निकालांतला फरक त्यांच्या सरासरीच्या टक्केवारीत मांडायचा. हे एकदा करून भागत नाही, कारण कमी सांद्रतेला जुळणारे आकडे जास्त सांद्रतेला फाकू शकतात, आणि गढूळ पाण्यात तर हमखास फाकतात. सोबत जागेवरचा कोरा नमुना हवा, म्हणजे शुद्ध पाणी घेऊन पुलावर जायचे, तिथे ते त्याच बादलीतून, त्याच बाटलीत भरायचे आणि खऱ्या नमुन्यासारखेच प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यात काही सापडले, तर ते नदीतून आलेले नाही. सूक्ष्म प्लास्टिकच्या कामात कोरा नमुना नसेल, तर उरलेले आकडे मी वाचतही नाही.

निकाल जुळले नाहीत की बाहेरचा गट बहुधा असे धरून चालतो की, आपले उपकरण नवे आहे म्हणजे आपला आकडा बरोबर. असे काही नसते. ज्ञात मात्रा मुद्दाम मिसळलेला नमुना दोन्हीकडे चालवून किती टक्के परत मिळते ते पाहावे, मग बोलावे. उपक्रमाची प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यताप्राप्त असेल, तर तिच्या पद्धतीतला लहानसा बदलही कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. ‘आमच्यासाठी तेवढे वेगळ्या गाळणीतून गाळा’ ही विनंती तिच्या दृष्टीने लहान नसते. ज्या आकड्यांवर कायदेशीर कारवाई होऊ शकते, त्यांच्या नमुन्यांना हस्तांतरणाची अखंड नोंद लागते : बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हातात, केव्हा गेली. तुमचा विद्यार्थी ती शीतपेटी सहज म्हणून उघडून पाहतो, तेव्हा ती साखळी तुटते.

निळी_रेघ

आता स्वयंसेवकांच्या उपक्रमांविषयी, कारण इथे आतापर्यंत व्यावसायिक यंत्रणांचाच विचार झाला आहे. स्वयंसेवक वापरतात ती साधने साधी असतात. उदाहरणार्थ, १८६५ मध्ये अँजेलो सेक्की यांनी वापरात आणलेली, पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेक्की तबकडी आजही तलावांवर रोज पाण्यात सोडली जाते. नावेच्या सावलीच्या बाजूने तबकडी खाली सोडायची, ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली यांची सरासरी घ्यायची, एवढीच कृती. पण तीच व्यक्ती, त्याच जागी, वर्षानुवर्षे हे करत असेल, तर अशा मालिकेचे मोल महागड्या यंत्राच्या एका उन्हाळ्यापेक्षा जास्त असते.

संशोधक अशा गटाकडे येतात तेव्हा पहिली चूक नोंदपत्रकात होते. हंगामाच्या मध्यात दोन स्तंभ वाढवले जातात, एकक बदलले जाते, आणि ज्या निवृत्त शिक्षिका इतकी वर्षे डोळे मिटून पत्रक भरत होत्या, त्या गोंधळतात. बदल करायचाच असेल, तर हंगाम सुरू होण्यापूर्वी, प्रशिक्षणासह करावा आणि जुने स्तंभ जागचे हलवू नयेत. दुसरे असे की, निकाल सर्वांत आधी नमुना देणाऱ्यांकडे गेले पाहिजेत आणि त्यांना वाचता येईल अशा भाषेत गेले पाहिजेत. खासगी विहिरींच्या बाबतीत तर नकाशावर अचूक अक्षांश-रेखांश छापणे म्हणजे त्या घराची आणि जमिनीची माहिती चव्हाट्यावर आणणे होय. स्थान थोडे धूसर करून छापता येते, अचूक नोंद उपक्रमाकडे राहू शकते.

२०१६ मध्ये मांडलेली फेअर तत्त्वे सांगतात की, डेटा शोधता येण्याजोगा, मिळण्याजोगा, जोडता येण्याजोगा आणि पुन्हा वापरता येण्याजोगा असावा. मूलनिवासी समूहांच्या डेटाबाबत २०१९ मध्ये पुढे आलेली केअर तत्त्वे त्याला पुरवणी जोडतात : त्या समूहाचा लाभ, त्याचा नियंत्रणाचा अधिकार, संशोधकाची जबाबदारी आणि नीती. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न आहे, त्यांना विचारल्याशिवाय सर्व काही खुले करणे हा उदारपणा ठरत नाही.

प्रवाहमापक

लिटमस आणि निळी_रेघ यांच्या मुद्द्यांना एक पुरवणी. अनुदानातून सेन्सर आणून नदीत बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो. दर १५ मिनिटांनी आकडे मिळतात, आलेख देखणा दिसतो. मात्र पाण्यात ठेवलेल्या सेन्सरवर काही आठवड्यांत शेवाळ आणि गाळाचा थर बसतो आणि आकडे हळूहळू सरकू लागतात. साफ करण्यापूर्वी आणि केल्यानंतर ज्ञात द्रावणात वाचन घेऊन ते सरकणे मोजावे लागते. हे काम अनुदानाच्या काळात तुमचा माणूस करतो. अनुदान संपल्यावर ‘उपकरण उपक्रमाला भेट’ असे पत्र येते, आणि त्या भेटीबरोबर बॅटऱ्या, सुटे भाग आणि दर पंधरवड्याची चक्कर आमच्या गळ्यात पडते. भेट द्यायचीच असेल, तर देखभालीच्या खर्चासह द्या किंवा उपकरण काढून न्या.

खर्चाचेही तेच. अर्ज लिहितानाच उपक्रमाशी बोला आणि त्यांच्या माणसांचा वेळ, प्रवास, बाटल्या, प्रयोगशाळेचे शुल्क हे सर्व तुमच्या अंदाजपत्रकात धरा. अर्जाच्या अंतिम मुदतीच्या आदल्या दिवशी पाठिंब्याचे पत्र मागणाऱ्याला पत्र कदाचित मिळते, सहकार्य मिळत नाही.

जलवेधी

सर्वांच्या प्रतिसादांनंतर आम्ही योजना बदलतो आहोत. पहिले काही महिने फक्त सार्वजनिक डेटा वाचायचा आणि शंकांचे पान तयार करायचे. त्यानंतर उपक्रमाकडे प्रस्ताव ठेवायचा तो असा : सर्व स्थानांऐवजी ४ स्थाने, महिन्याऐवजी तीन महिन्यांतून एकदा, आमचा माणूस स्वतंत्र वाहनाने येईल, धातूची बादली, सुती दोर आणि जाळी आमची असेल, सुती कपडे असतील, आणि प्रत्येक फेरीला किमान एक कोरा नमुना घेतला जाईल. उपक्रमाकडून आम्हाला फक्त त्या दिवशीचा प्रवाह, गढूळपणा आणि वेळ हवी. एका फेरीला दोन्ही गट एकत्र जाऊन गढूळपणाची तुलना करतील. यात काही राहून जाते आहे का?

तळटीप

तीन महिन्यांतून एकदा घेतलेल्या नमुन्यांत पूर बहुधा सापडणार नाही, आणि नदीतून वाहून जाणाऱ्या कणांपैकी मोठा वाटा पुराच्या मोजक्या दिवसांत वाहतो. वर्षाचा एकूण भार काढण्याचा विचार असेल, तर ही रचना पुरणार नाही. स्थानांमधील तुलना एवढाच प्रश्न ठेवलात, तर पुरेल; पण मग निबंधाच्या शीर्षकातही तेवढेच राहू द्या.

लिटमस

उरलेल्या नमुन्यांचे काय करणार, तेही लिहून ठेवा. गाळलेल्या जाळ्या आणि गाळण्या नीट साठवल्या, तर पुढे दुसऱ्या कोणाच्या प्रश्नाला उपयोगी पडतात, मात्र त्यांची मालकी आणि साठवणीची जागा ठरलेली हवी. गाळणीवरच्या सूक्ष्मजीवांचा जनुकीय अभ्यास करायचे कोणाच्या मनात आले आणि नमुना दुसऱ्या देशात पाठवायचा झाला, तर २०१४ पासून अमलात असलेल्या नागोया प्रोटोकॉल या जनुकीय संसाधनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मूळ देशाची संमती लागू शकते. ती नंतर मिळवणे फार जिकिरीचे असते.

प्रवाहमापक

योजना मला मान्य होण्यासारखी वाटते. माझ्याकडून चार व्यावहारिक गोष्टी. तुमचा माणूस पुलावर आमच्यानंतर, आमच्या बाटल्या बंद होऊन पेटीत गेल्यावर नमुना घेईल, आणि आम्ही पाणी घेतो त्याच्या खालच्या अंगाला उभा राहील. तो वेळेवर पोहोचला नाही तर फेरी थांबणार नाही. त्या दिवशीची तुमची नोंद रिकामी राहील, तिच्याजागी दुसऱ्या दिवसाचे पाणी चालणार नाही. पाण्याची पातळी आमच्या सुरक्षा-रेषेच्या वर गेली असेल तर कोणीही उतरायचे नाही, आणि हा निर्णय आमचा फेरीप्रमुख घेईल.

चौथी गोष्ट नोंदणीची. स्थानांना तुमचे नवे क्रमांक देऊ नका. आमचाच स्थानक्रमांक, आमचीच तारीख लिहिण्याची रीत आणि २४ तासांच्या घड्याळातली स्थानिक वेळ वापरा, आणि तुमच्या नमुन्याची खूण म्हणून शेवटी एक अक्षर जोडा. तुमची फाईल आमच्या फाईलला काहीही न बदलता जोडता आली पाहिजे, म्हणजे तुमचा प्रकल्प संपल्यावर पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही ती उघडून देऊ शकू. हे मान्य असेल तर प्रस्ताव पाठवताना कोऱ्या नोंदपत्रकाची प्रतही सोबत जोडा. आमची माणसे पहिल्यांदा तेच पान उलगडून पाहतात.